डावीकडची सीट

चेसर, अठ्ठ्याण्णवची, मोत्यासारखी पांढरी,
म्हणजे एकेकाळी. आता मागच्या चाकांवरच्या कमानी
मिठानं कुरतडल्यात, आणि मी ते लपवत नाही.
मागच्या काचेवर कागद चिकटवला: अदलाबदल चालेल.
निवा असली तर निवा. स्टिअरिंग डावीकडे हवं.
खाली फोन नंबर. कारण लिहिलं नाही.

रविवारी प्लातोन आला, रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन.
दारांना, छताला, बॉनेटला लावत फिरला,
डॉक्टर छातीला नळी लावतो तसं.
"उजवं दार पुन्हा रंगवलंय."
रंगवलंय. अकरा सालच्या हिवाळ्यात बर्फावरून घसरत
पावाची गाडी येऊन भेटली होती आम्हाला.
तीन दिवस आत ताज्या पावाचा वास होता, म्हटलं.
त्यानं पाच हजार रूबल कमी केले.
वासाचे धरले नाहीत.

किल्ली फिरवली तशी ती बाई बोलली,
डॅशबोर्डमधली, जपानीत, इतक्या अदबीनं
की सोळा वर्षं मी रोज सकाळी "तुम्हालाही" म्हणत आलोय.
काय म्हणते ती?
बंदरावरच्या एका खलाशानं सांगितलं होतं:
टोलचं कार्ड घातलेलं नाही, एवढंच.
त्यानंतरही म्हणत राहिलो.
तिच्या नकाशात व्लादिवोस्तोक नाहीच.
बाण निळ्या पाण्यात उभा,
आणि त्या पाण्यातून आम्ही बटाट्याची पोती आणली,
मुलीला शाळेत सोडलं, एकदा सासूबाईंना स्टेशनवर.

आमच्याकडे रहदारी उजव्या अंगानं चालते
आणि या गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडे.
पुढे लाकडाचा ट्रक असला की मला दिसते फक्त त्याची पाठ.
समोरून काय येतंय ते दिसतं डावीकडच्या सीटला,
म्हणजे ताईसियाला.
ती जराशी झुकायची आणि म्हणायची, "जा."
नाहीतर, "थांब."
घरात आम्ही एकमेकांना बरंच काही बोललो,
त्यातलं काही परत घेण्यासारखं नव्हतं.
पण उस्सुरीस्कच्या रस्त्यावर तिच्या "जा" ला
मी कधी "नक्की?" म्हटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती "जा" म्हणाली
आणि समोर बस होती.

वाचलो. कडेच्या चिखलात बसून राहिलो दोघं,
वायपर उगाच चालू.
"मला वाटलं, धुकं आहे," ती म्हणाली.
आभाळ निरभ्र होतं.

काचबिंदू. थेंब दिलेत, सकाळ-संध्याकाळ.
तेव्हापासून ती फक्त "थांब" म्हणते,
आणि मी थांबतो, ट्रकच्या धुरात,
दोनशे ऐंशी घोडे मुठीत धरून.

प्लातोनबरोबर उल्याना होती,
केसांत जहाजाच्या रंगाचे लाल ठिपके.
चक्कर मारायला निघालो, मी मागे.
डोंगराच्या वळणानंतर ट्रक आलाच, नेहमीसारखा.
कोणी शिकवलं नव्हतं, पण ती झुकली.
"जा."
तो गेला.
मी मागे पाय आवळून बसलो होतो.
पाच हजारांवरून भांडायचं नाही, हे तिथेच ठरलं.

निवा हिरवी आहे, पत्र्याच्या ट्रंकेसारखी चौकोनी,
आत सुक्या मासळीचा वास.
सह्या झाल्या. ताईसिया दारात कान देऊन उभी.
चेसर उतारावरून गेली तेव्हा म्हणाली,
"दुसरा गिअर उशिरा टाकतोय. शिकेल."

मग हात पुढे धरून, बर्फावर पाय जपत
सवयीनं गेली डाव्या दाराशी, उघडलं, बसली.
पट्टा शोधता शोधता हाताला स्टिअरिंग लागलं.
चाचपत राहिली, हॉर्न, कडेची खाच, पुन्हा हॉर्न.
"अस्सं," म्हणाली. "म्हणजे आता बघायचं तू."

वळसा घालून मी उजवीकडे बसलो.
पार बंदरापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं.
"जा," म्हटलं.
किल्ली माझ्याच खिशात होती.